टाळू भरली

मराठी भाषेवर माझा एक जुना राग आहे. बाळाच्या डोक्यावरची मऊ, धडधडणारी जागा ती टाळू, आणि तोंडाच्या आतला वरचा भाग तीही टाळूच. एवढी ऐसपैस भाषा, शिव्या द्यायच्या म्हटलं तर ओंजळी भरभरून शब्द देते, आणि इथे मात्र एकाच शब्दात दोन जागा भागवल्या. ही काटकसर ज्याने कुणी केली, त्याला काय ठाऊक की पुढे कधीतरी रहाटणीतल्या एका घरात तिच्यापायी एका पोराची वर्षं वाया जाणार आहेत. ते घर आमचं आणि ते पोर माझं.

माझा मुलगा जन्मला तेव्हा सुईणीने तो मला दिला नाही, आत्याबाईंना दिला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी विचारलं, मुलगा की मुलगी, तर आत्याबाई म्हणाल्या, "पोरगा हाय." त्या आवाजावरून मला वाटलं, तो जिवंत नाही. मग तो रडला आणि माझा जीव भांड्यात पडला. कुशीत दिल्यावर पाहिलं, तर वरचा ओठ नाकपुडीपर्यंत उभा चिरलेला आणि आत तोंडातून नाकापर्यंत सगळं उघडं. डोळे मात्र त्याच्या वडिलांचे, लांबट आणि शांत. मी आधी डोळे पाहिले असं सांगायला मला आवडतं, पण खरं म्हणजे ओठच पाहिला.

गाव बघायला आलं. प्रत्येकीने एकच विचारलं, ग्रहणात काय चिरलंस? मी पोटुशी असताना ग्रहण झाल्याचं मला आठवत नव्हतं. तसं सांगितलं तर एक म्हातारी म्हणाली, "तुला दिसलं न्हाई म्हंजी लागलं न्हाई व्हय?" आत्याबाईंनीच तिला सुनावलं, "माझ्या सुनंनं इळा बी हातात धरला न्हाई. तू च्या पी आन् ऊठ." त्यांचं माझ्यावर फार प्रेम होतं अशातला भाग नाही, पण बाहेरच्या बाईने घरात येऊन बोललेलं त्यांना खपत नसे.

ओठाचं दुःख नंतरचं. आधी प्रश्न दुधाचा होता. मला पान्हा भरपूर होता आणि पोराला तो ओढता येत नव्हता. तो तोंड लावायचा, धडपडायचा, दमून रडायचा. मग मी दूध वाटीत पिळायची आणि बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या त्या छोट्या भांड्याने, त्याच्या घशाशी थेंब थेंब सोडायची. आडवा धरला की दूध नाकातून बाहेर, म्हणून बसता धरायचा. बाळाला मांडीवर आडवं घेऊन वर पदर ओढायचा आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारत पाजायचं, एवढं साधं सुख, ते मला मिळालं नाही. शेजारच्या ओट्यावर बायका पाजत बसलेल्या दिसल्या की माझी चोळी ओली व्हायची आणि मी उठून आत जायची. त्यांचा मला इतका हेवा वाटायचा की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं.

आमचे हे तेव्हा नदीपलीकडे पिंपरीला कामाला जायचे. तिथे एक मोठा कारखाना उभा राहत होता. आधी बांधकामावर होते, पुढे आतच चिकटले. तिथल्या कुणीतरी त्यांना सांगितलं, पुण्याला कॅम्पात एक धर्मादाय दवाखाना आहे, मुंबईहून एक सर्जन तिथे अधूनमधून येतो, तो असे ओठ शिवतो. शिवतो म्हटल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "माणूस काय गोधडी हाय?" पण निघायच्या दिवशी त्यांनीच पहाटे उठून दशम्या केल्या.

पवनेला पूल नव्हता. उतारातून पाण्यात शिरायचं, पोराला ह्यांनी खांद्याच्या वर धरलेलं, मी मागे लुगडं खोचून. पलीकडे फाळणीनंतर वसलेल्या सिंध्यांच्या कॅम्पातून पिंपरी स्टेशन. गाडीत समोरच्या बाईने दोनदा विचारलं, "बाळ दाखव की गं." मी म्हटलं, झोपलाय. तो झोपला नव्हता. पदराखाली माझ्याकडे बघून हसत होता. त्याचं ते हसणं काही वेगळंच होतं. ओठाच्या दोन्ही बाजू दोन वाटांनी जायच्या आणि सगळा चेहरा उघडायचा. कासारवाडी गेली, दापोडी गेली, खडकी गेली, आणि मी पदर धरून त्या हसण्याकडे बघत राहिले.

सर्जन मराठीच होता. बोलणं मऊ, हात थंड. ओठ छान शिवला त्याने. पोराने बोटं तोंडात घालू नयेत म्हणून कोपरांना पुठ्ठ्याची नळकांडी बांधली होती. अंगाला औषधाचा असा वास की माझं पोर मला परकं वाटलं. टाके निघाल्यावर आरसा धरावा तसा हे त्याचा चेहरा समोर धरून बसले. मी पण खूश होते. घरी आल्यावर तो हसला, चारचौघांच्या पोरांसारखा लहानसा, नीटनेटका हसला, आणि मला रडू फुटलं. ते पहिलं हसणं आता जगात कुठेच नव्हतं. फोटो कोण काढणार होतं तेव्हा? हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण लोक म्हणाले असते, बाई वेडी झाली.

ओठ बरा झाला म्हणून मी त्याला पुन्हा छातीशी घेतलं. मला वाटलं, आता ओढेल. त्याने ओठ लावले, आणि ते लागलेलं मला कळलं, तेवढंच. ओढ काही लागेना. मी रोज बघायची. दूध कमी कमी होत एक दिवस आटलं, आणि मी बोंडलं घासून फळीवर ठेवलं.

आता त्या शब्दाकडे येते. दवाखान्यातून निघताना सर्जन आम्हाला म्हणाला होता, "ओठाचं काम झालं. टाळू अजून उघडी आहे. दीड-दोन वर्षांचा झाला की टाळू भरून घ्यायची. तेव्हा घेऊन या." आम्ही दोघांनी माना डोलावल्या. टाळू उघडी आहे हे आम्हाला दिसतच होतं, डोक्यावर धडधडत होती ती. घरी सांगितलं तर आत्याबाई म्हणाल्या, "टाळू भरायला दवाखाना कशाला लागतोय? आमी काय पोरं वाढवली न्हाईत?" आणि त्याच दिवसापासून रोज सकाळी त्याच्या टाळूवर कोमट तेल जिरवायला लागल्या.

तोंडातलं भोक आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. पण त्या जागेला आमच्या घरात नावच नव्हतं. आत्याबाईंचा हिशोब सरळ होता. वरूनही उघडं, आतूनही उघडं, म्हणजे भोक एकच. वरून तेलाने भरत आलं की आतूनही भरत जाईल. मी सातवी शिकलेली, मलाही ते पटलं. दीड वर्षानंतर एक दिवस आत्याबाईंनी त्याच्या डोक्यावर अंगठा दाबून पाहिला आणि समाधानाने म्हणाल्या, "भरली बग टाळू. दगडावानी घट." त्या दिवशी गूळ वाटला. दवाखान्यात जायचं कारणच उरलं नाही.

मग तो बोलायला लागला. पहिला शब्द आई, अगदी साफ. आई म्हणायला ओठ मिटावे लागत नाहीत आणि टाळूशीही काही काम पडत नाही, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा वाटलं, सगळं ठीक झालं. मग तो ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "मामा."

आमच्याकडे वडिलांना बाबा म्हणायची पद्धत. त्याच्या तोंडात ब यायचाच नाही, वारा सगळा नाकातून निघून जायचा आणि बाबाचा मामा व्हायचा. द चा न व्हायचा. क आणि ट तर कुठे जायचे कोण जाणे. घरातल्यांना त्याचं बोलणं कळायचं, बाहेरच्यांना नाही. पण बाकी शब्दांचं लोकांनी मनावर घेतलं नाही, मामाचं घेतलं. पोर बापाला मामा म्हणतं यावर गाव किती दिवस हसलं सांगता सोय नाही. पारावर एकाने ह्यांना म्हटलं, "राव, पोरानंच मामा केला की तुमचा." हेही हसले. घरी येऊन जेवले नाहीत.

संध्याकाळी कामावरून आले की ते त्याला ओट्यावर समोर बसवायचे. "म्हण, बा." "मा." "बा." "मा." कधी चिडले नाहीत. पोरही चिडायचं नाही, त्याला तो खेळ वाटायचा. मी आत चुलीपाशी बसून ऐकत राहायची, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता येईल. एकदा मी म्हटलं, राहू द्या हो, मामा तर मामा. तर म्हणाले, "मला काई वाटत न्हाई गं. पर एकदा ऐकायचं हाय." आयुष्यात त्या माणसाने एवढं एकच मागितलेलं मला आठवतं.

आमच्या म्हशीचं दूध मी पिंपरीच्या त्या सिंध्यांच्या कॅम्पात घालायची. तिथे एक सिंधी बाई होती, फाळणीत सगळं सोडून आलेली, बराकीतल्या एका खोलीत पापड लाटायची. पोराला घेऊन गेले की त्याच्या हातात भाजलेला पापड द्यायची. एक दिवस तो खाता खाता हसला आणि पापडाचा तुकडा नाकातून बाहेर आला. आम्हाला त्याची सवय होती. तिने त्याला जवळ ओढलं, हनुवटी वर करून तोंडात पाहिलं आणि म्हणाली, "इसका तालू तो खुला है. किसी ने देखा नहीं?"

मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, टालू भर गया, रोज तेल लगाया. आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून दाखवलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिने स्वतःचं तोंड उघडलं, बोटाने आतून वर टकटक केली आणि म्हणाली, "तालू. ये."

सर्जनचं मराठी वाक्य मला असं तीन-चार वर्षं उशिरा एका सिंधी बाईच्या हिंदीतून कळलं. दुधाची बरणी तिथेच विसरून मी नदीपर्यंत आले आणि काठावर बसले. राग कुणाचा करावा ते समजेना. सर्जन खोटं बोलला नव्हता. आत्याबाईंनी एक दिवस तेल चुकवलं नव्हतं. घरी सांगितलं तेव्हा आत्याबाई आधी तडकल्या, "मग त्यानं बोट घालून दावायचं हुतं." मग तेलाची वाटी कोनाड्यातून उचलून परसात नेली आणि बराच वेळ आत आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाल्या, "कवा निघताय?"

दुसऱ्या खेपेला पोर चालत, बोलत, गाडीच्या खिडकीशी उभं. बाहेर काही दिसलं की ह्यांची बंडी ओढून दाखवायचं, मामा, मामा. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कौतुकाने मला म्हणाले, "भाच्यावर फार जीव दिसतो हो तुमच्या भावाचा." मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे म्हणाले, "हाय खरा." आणि खिडकीबाहेर बघायला लागले. ते शिवाजीनगरला उतरेपर्यंत मला माझ्या नवऱ्याची बहीण होऊन बसावं लागलं. आज हसू येतं. तेव्हा मला त्या म्हाताऱ्याचे कान उपटावेसे वाटत होते, आणि ह्यांचा हात धरावासा वाटत होता, तेही भाऊ ठरल्यामुळे जमेना.

सर्जनने तोंड तपासलं आणि विचारलं, इतका उशीर का? ह्यांनी सगळं सांगितलं, तेलासकट. त्याने कपाळाला हात लावला, पण आम्हाला बोल लावला नाही. म्हणाला, "शिवून देतो. भोक मिटेल. पण जिभेला, घशाला जी सवय लागली ती मला शिवता येत नाही." ह्यांनी विचारलं, "बोलंल का?" तो म्हणाला, "बोलेल. किती साफ, ते आत्ता कसं सांगू?" टाळू शिवली. पुष्कळ दिवस पेज आणि पातळ दूध. पहिल्यांदा दूध प्यायला आणि नाक कोरडं राहिलं, तेव्हा मी त्याच्या नाकाखाली बोट फिरवून पुन्हा पुन्हा पाहिलं.

पण मामा तसाच राहिला.

दवाखान्यात एक वयस्क नर्सबाई होत्या. तपासणीला गेलो की त्या त्याला समोर बसवून कापसाचा बोळा टेबलावर फुंकायला लावायच्या. एकदा त्यांनी दोन बोटांनी त्याचं नाक चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "म्हण आता, बाबा." आणि पोर म्हणालं, "बाबा."

अगदी साफ नव्हता, कोंडलेला, जाडसर होता, पण ब होता. त्यांनी नाक सोडलं. पुन्हा मामा. धरलं, बाबा. त्या समजावून सांगायला लागल्या की वारा नाकातून पळतो, तो तोंडात अडवायला शिकला पाहिजे. मी ऐकत होते. हे दाराशी उभे होते. मी वळून पाहिलं तर तिथे नव्हते, बाहेर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते.

घरी शिकवणी सुरू झाली. आत्याबाईंनी चूल फुंकायची फुंकणी त्याच्या हातात दिली. रोज सकाळी निखारे तोच फुलवायचा, गाल फुगवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. राखेने माखायचा. आत्याबाई बाजूला बसून म्हणायच्या, "तोंडानं फुक रं, नाकानं न्हाई." तेलाची सगळी भरपाई त्या फुंकणीने करायची असं त्यांनी ठरवलं होतं. मी दुपारी नाक धरून बाबा म्हणायला लावायची. हे घरी असले की मात्र मला हात लावू द्यायचे नाहीत. "नगं त्याचा जीव कोंडू. म्हणू दे मामा. कळतंय मला कुणाला म्हणतोय त्ये." ज्या माणसाने दोन वर्षं बा म्हण, बा म्हण केलं, तोच आता असं म्हणत होता. पोराच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना बघवत नव्हतं. मला मात्र ह्यांना तो बाबा ऐकवायचाच होता. मला स्वतःला दूध पाजायला मिळालं नाही ते नाही मिळालं. निदान ह्यांचं तरी राहू नये, एवढं एकच माझ्या मनात होतं.

कारखान्यातली पहिली पाळी सुटली की गावातले कामगार एकत्रच नदी उतरून यायचे. मी पोराला घेऊन काठावर उभी असायची. तो हाक मारायचा, मामा, आणि पाण्यातले चार-पाच जण मुद्दाम एकदम ओरडायचे, "काय रं भाच्या?" प्रत्येकजण कुणाचा ना कुणाचा मामा असतोच. थट्टाच ती, पण पोर आता मोठं होत होतं. त्याचा चेहरा उतरलेला मला दिसायचा.

त्या दिवशीही ते तसेच पाण्यात शिरले. पोर हाक मारेना. मी खाली पाहिलं तर त्याने स्वतःचं नाक दोन बोटांनी गच्च दाबलं होतं, डोळे मिटले होते, चेहरा लालबुंद. आणि त्याने सगळा जोर लावून हाक मारली, "बाबा."

पाण्यातून कुणी ओ दिली नाही. हे मधल्या पाण्यात उभेच राहिले, एका हातात डबा, एका हातात वहाणा. माझ्या पोराने पुन्हा हाक मारली, तशीच नाक धरून. मग बाजूचा एक जण, तोच पारावर थट्टा करणारा, हलकेच म्हणाला, "ओ द्या की राव. तुमालाच हाय." तेव्हा ह्यांनी खाली वाकून ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि म्हणाले, "आलो रं."

पुढे तो शिकला. आधी नाक धरून, मग धरल्यासारखं करून, मग न धरता. शाळेत गेला, कारखान्यात लागला, चारचौघांत बोलतो. अनोळखी माणसाला काही कळतही नाही. जिथे आम्ही नदी उतरायचो तिथे आता पूल आहे आणि दोन्ही काठांना इमारती. आत्याबाई गेल्या, हे जाऊनही बरीच वर्षं झाली. त्याला स्वतःला यातलं काही आठवत नाही. मी सांगते तेवढंच.

मला मात्र तो बाबा पुन्हा ऐकावासा वाटतो. साफ नको, तो नाकात कोंडलेला. पासष्टीच्या मुलाला असं काही सांगणं बरं दिसत नाही, म्हणून कित्येक वर्षं सांगितलं नाही. परवा दुपारी सांगितलं. तो हसला, म्हणाला, आई, तुझं काहीतरीच. पण माझा शब्द त्याने कधी मोडलेला नाही. त्याने दोन बोटांनी नाक धरलं. मी वाट पाहत बसले. तो तसाच बसला, नाक धरून, आणि त्याचे डोळे भरत आले. मग त्याने हात खाली घेतला आणि म्हणाला, "कुणाला म्हणू?"